दिवाळीत बुजवलेली भेग होळीला का उघडते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बार्शीजवळ काळ्या रानात पडलेल्या प्लॉटवर २०१४ साली नऊ इंची विटांच्या भिंतींचं घर बांधलं, २०१९ मध्ये त्यावर एक मजला चढवला. खालच्या हॉलमध्ये खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी भेग गेली आहे. त्याच खोलीच्या छतात पंख्यापासून भिंतीपर्यंत सरळ रेघ दिसते. वरच्या मजल्यावर भिंत आणि स्लॅब मिळतात तिथे आडवी फट आहे. दर दिवाळीला पेंटर पुट्टी भरून रंग देतो आणि होळीपर्यंत सगळं पुन्हा उघडतं. एक जण म्हणतो पाया खचलाय, चार लाख लागतील. दुसरा म्हणतो काही झालेलं नाही, जाळी मारून वरून पीओपी करून टाका. ऐकायचं कोणाचं?

सध्या दोघांचंही नको. मी गेली २६ वर्षं सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यात घरं बांधतो आणि त्याहून जास्त दुसऱ्यांनी बांधलेली दुरुस्त करतो. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोक काही सांगणार नाही. पाया किती खोल आहे, मुरूम किती फुटांवर लागला, जोत्याला पट्टा बीम, म्हणजे भिंतींखालून सलग फिरणारा काँक्रीटचा बीम, आहे की नाही, वरचा मजला चढवताना कोणी हिशेब केला होता का, यावर बरंच अवलंबून आहे. तरी वर्णनावरून एक गोष्ट दिसते. तुम्ही तिन्ही भेगांना एकाच रोगाची लक्षणं समजताय. माझ्या अंदाजाने हे तीन वेगळे आजार आहेत आणि पाया बसण्याशी संबंध असलाच तर फक्त पहिल्या भेगेचा आहे.

आधी तीच घेऊ.

काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की त्या मिटतात. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. घराच्या मधल्या भागाखालची माती त्या मानाने स्थिर असते, कारण वर छप्पर आहे, तिथे ऊन-पाऊस पोचत नाही. कडेची माती मात्र दर वर्षी भिजते आणि वाळते. म्हणून उन्हाळ्यात घराचा कोपरा किंचित खाली बसतो, पावसाळ्यात पुन्हा वर येतो. ही हालचाल काही मिलिमीटरचीच असते, पण विटेच्या भिंतीला वाकणं माहीत नाही. ती फाटते, आणि जिथे आधीच कमजोर आहे तिथे फाटते, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात.

आता तुमची दिवाळी. रंग द्यायचा आपला ठरलेला मुहूर्त तो. त्या वेळी सगळा पावसाळा पिऊन माती तट्ट फुगलेली असते आणि भेग वर्षातली सगळ्यात अरुंद असते. पेंटर त्या बारीक रेघेत पुट्टी दाबतो, घासतो, रंग देतो. भिंत आरशासारखी दिसते. मग थंडी जाते, माती वाळायला लागते, कोपरा खाली जातो, भेग रुंदावते. आतली पुट्टी ताणली जात नाही, ती एका बाजूने सुटते. होळीपर्यंत तुम्हाला जुनीच भेग दिसते. पेंटरने काम वाईट केलं असं नाही. भेग मिटलेली असतानाच ती दर वर्षी बुजवली जाते, एवढंच.

शिवाय पुट्टी ही भेग भरायची वस्तूच नाही. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास बसवायची असते, पृष्ठभाग गुळगुळीत करण्यापुरती. ती खोल भेगेत भरली की सुकताना स्वतःच चिरते.

मग मे महिन्यात भरावी का? हा शहाणपणा मीही करून बसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घराची अशीच भेग मी ऐन उन्हाळ्यात पूर्ण उघडली, कडक मसाल्याने ठासून भरली, लोखंडाचे टाके घातले. फार समाधान वाटलं. ऑगस्टमध्ये मालकाचा फोन आला. माती फुगून कोपरा वर आला, भेगेला मिटायला जागा नव्हती, त्यामुळे भिंतीवरचं प्लास्टर पापडासारखं फुगून पडलं आणि दोन फुटांवर नवी भेग निघाली. टाके मजबूत होते, भिंत दुसरीकडून फाटली. ते काम मी पदरमोड करून पुन्हा केलं.

म्हणून आता मी भेग बघून पहिल्यांदा एवढंच विचारतो की ही भेग जाऊन-येऊन करणारी आहे, एकाच दिशेने वाढत चाललेली आहे, की कधीच थांबलेली आहे. तुमच्या घरात या प्रश्नाला जास्त महत्त्व आहे, कारण तुम्ही मधेच मजला चढवलाय. वाढलेल्या वजनाने चिकण माती एकदम बसत नाही. तिच्यातलं पाणी हळूहळू दाबून बाहेर पडतं आणि त्याला वर्षं लागतात. म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, ऋतूप्रमाणे होणारी ये-जा आणि वजनाने होणारं कायमचं बसणं. पहिलीवर इलाज सोपा आणि स्वस्त आहे. दुसरी चालूच असेल तर मात्र चार लाखवाल्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल.

हे ओळखायला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. पूर्वी आम्ही भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायचो. भिंत हलली की काच तडकते. पण काच फक्त 'हललं' एवढंच सांगते, किती आणि कुठल्या बाजूला ते नाही. मी आता भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक स्क्रू पक्का बसवतो, अशा तीन जोड्या, खाली, मधे आणि वर. दोन स्क्रूंमधलं अंतर डिजिटल कॅलिपरने मोजून तारखेसह वहीत लिहायचं. मोजमाप मेअखेर, सप्टेंबरमध्यात, दिवाळीनंतर, संक्रांतीला आणि पुढच्या मेअखेर. वेळ सकाळचीच धरा, दुपारी उन्हाने भिंतच तापून थोडी ताणलेली असते. भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख टाका, म्हणजे लांबी वाढली का तेही कळेल.

वर्षाने आकडे फिरून पहिल्या जागी आले, तर ती ऋतूची भेग. या मेचा आकडा गेल्या मेपेक्षा ठळक मोठा असेल आणि संक्रांतीचाही गेल्या संक्रांतीपेक्षा, तर घर अजून बसतंय. आकडा हललाच नाही, तर भेग जुनी आहे, निवांत भरून टाका. वरच्या जोडीत फरक जास्त आणि खालच्या जोडीत कमी, म्हणजे भेग वर रुंद होत जाणारी असेल, तर बहुधा घराचं टोक खाली जातंय. उलट असेल, म्हणजे खाली रुंद, तर मधला भाग बसतोय. एक अपवाद सांगतो. काही घरांत भेग पावसाळ्यात उघडते आणि उन्हाळ्यात मिटते. तिथे एका बाजूला पाणी साचून ती बाजू उचलली जात असते. दिशा उलटी, पण शोधायचं पुन्हा पाणीच.

रुंदीचा अंदाज घ्यायला एटीएम कार्ड वापरा, ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. कार्ड शिरत नाही अशा भेगेची मी काळजी करत नाही. कार्ड सैल जातंय पण पेन्सिल जात नाही, तिथे वर म्हटलेली मोजणी. पेन्सिल शिरली तर वाट न बघता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तसंच दारं-खिडक्या अचानक अडकायला लागल्या, ओळंबा सोडल्यावर भिंत झुकलेली दिसली, बीम किंवा कॉलमवर भेग आली, किंवा महिन्याभरात फरक नजरेला दिसू लागला, तर वही बाजूला ठेवून आधी टेकू द्यायचे. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या भागात केसाएवढी रेघ दिसली तरी लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तुटपुंज्या पगारातून पाया उकरायला निघण्याआधी एकदा भेग बाहेरून दिसते का ते बघा. हॉलमधल्या भेगेच्या नेमक्या मागे बाहेरच्या प्लास्टरवर काहीच नसेल, तर बऱ्याचदा ती प्लास्टरपुरती असते.

मोजणी चालू असताना हात बांधून बसायचं नाही. पाणी आवरायचं. माझ्या अनुभवात काळ्या मातीतल्या दहातल्या सहा-सात घरांचं दुखणं इथेच निम्म्यावर येतं.

गच्चीच्या पाण्याचा पाइप कोपऱ्यात जोत्याशी सोडलेला असतो. तो वाढवून पार रस्त्याच्या गटारीपर्यंत न्या. भिंतीला लागून कर्दळ, केळ, अळू लावलेलं असतं आणि त्याला रोज पाणी. ते हलवा. बाथरूमचं चेंबर गळतं का बघा. आणि शोषखड्डा कुठे आहे ते आठवा. एका निवृत्त शिक्षकांच्या घराला तीन वर्षं भेग छळत होती, दोन ठेकेदार झाले. मी गेलो तर शोषखड्डा घराच्या कोपऱ्यापासून जेमतेम चार फुटांवर. पायाखालच्या मातीला बारमाही पाणी एकाच कोपऱ्यात, बाकी तीन कोपरे कोरडे. घर वाकडं नाही होणार तर काय? खड्डा प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेला. पुढच्या वर्षभरात स्क्रूमधलं अंतर हललं नाही. मग भेग भरली ती अजून भरलेलीच आहे.

त्यानंतर घराभोवती पट्टा. जोत्याला लागून निदान चार-पाच फूट रुंद, बाहेर उताराचा. तो थेट काळ्या मातीवर ओतू नका, पुढच्याच उन्हाळ्यात तुकडे होतील. फूटभर माती काढून मुरूम भरायचा, पाणी मारून धुमस करायची आणि वर काँक्रीट. पट्टा आणि जोतं यांच्यातला सांधा डांबरी सीलंटने बंद करा, नाहीतर सगळं पाणी नेमकं त्या फटीतून पायाशी उतरतं. कडेच्या मातीचा ओलावा वर्षभर सारखा राहावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

झाडाबद्दल घाई करू नका. भिंतीजवळ मोठं झाड असेल तर ते उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं हे खरं. पण वीस वर्षांचं झाड एका दिवसात तोडलं, तर ते ओढत असलेलं पाणी मातीत राहायला लागतं, माती फुगते आणि घर उलट्या बाजूला हलतं. फांद्या उतरवून हळूहळू कमी करा. नवीन झाड लावताना त्याची पूर्ण वाढलेली उंची जेवढी, तेवढं अंतर घरापासून सोडा.

एवढं केल्यावर, आकडे शांत झाल्यावर, दुरुस्ती. वेळ डिसेंबर-जानेवारी, भेग ना पूर्ण मिटलेली ना पूर्ण उघडलेली असताना.

भेगेच्या दोन्ही बाजूंचं वीतभर प्लास्टर ग्राइंडरने सरळ कापून काढा. छिन्नीने आडदांड ठोकत सुटू नका, चांगलं प्लास्टरही सैल होतं. वीट उघडी पडली की खरं कळतं. वीट अखंड असेल तर स्वच्छ करून, पाणी मारून, जाळी घालून पुन्हा गिलावा करा. वीट किंवा सांधे फाटलेले असतील तर आडव्या सांध्यातला मसाला दर चौथ्या-पाचव्या थराला इंचभर खोल काढा, भेगेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट. त्यात ६ मिलिमीटरची गंज न चढणारी सळई बसवा आणि न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटीत भरायच्या तयार मसाल्याने, सांधा भरा. हे टाके फक्त थांबलेल्या किंवा अगदी थोडी ये-जा उरलेल्या भेगेला. का, ते माझ्या फजितीवरून कळलंच असेल. उभी भेग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायची, वरून नाही तर आतून, थापीने दाबत.

जाळीबद्दल एक तक्रार. आमचे गवंडी कोंबडी जाळी (चिकन मेश) चार खिळ्यांवर भिंतीला चिकटवून वर प्लास्टर थापतात. तशी जाळी नुसती भिंतीलगत पडून राहते. ती भिंतीपासून थोडी वर उचललेली, म्हणजे प्लास्टरच्या जाडीच्या मधोमध असायला हवी, ताठ ओढलेली आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान सहा इंच गेलेली. गिलावा दोन हातांत, सिमेंट १ ला वाळू ४ प्रमाण, आणि सात दिवस खरंच पाणी मारायचं. मग महिनाभर वाळू द्या. पुट्टीवाला दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहील, त्याला परत पाठवा.

उन्हाळ्या-पावसाळ्यात थोडी हालचाल राहणारच असं आकडे सांगत असतील, तर भेगेत कडक मसाला न भरता ताणला जाणारा, रंग बसणारा सीलंट भरा. दिसायला थोडं कमी, पण टिकायला बरं.

आता छतातली सरळ रेघ. पंख्याच्या डब्यापासून निघून स्विचबोर्डच्या दिशेने जाते का बघा. जात असेल तर तिच्या नेमक्या वर स्लॅबमधला वायरिंगचा पाइप आहे. ओतताना पाइप सळईच्या खाली, फळीला टेकलेला राहिला की त्याच्याखाली काँक्रीटचा पातळ पापुद्रा उरतो आणि तो चिरतो. याचा पायाशी काडीचा संबंध नाही. बारीक खाच पाडून पॉलिमर मसाल्याने भरा, फायबर टेप लावा, संपलं. खाच पाडताना मेन स्विच बंद आणि हात हलका, आत वायरी आहेत. मात्र रेघेवर तपकिरी डाग असतील, काठीने ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर आत सळई गंजून फुगतेय. तिथे वरून भरणं म्हणजे फसवणूक. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मसाल्याने पुन्हा आच्छादन करावं लागतं, आणि वरून पाणी कुठून येतंय तेही शोधावं लागतं. अशा छतावर पीओपी केलं तर गंज झाकला जातो आणि एक दिवस सगळं मिळून खाली येतं. पीओपीवाल्याचा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

वरच्या मजल्यावरची आडवी फट उन्हाची आहे. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. गच्चीचा स्लॅब दिवसा तापून ताणतो, रात्री आकसतो. दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने साधारण तीन मिलिमीटर लांब-आखूड होतो. खालची भिंत तेवढी सरकत नाही, म्हणून दोघांच्या सांध्यात प्लास्टर फाटतं. हिच्याशी भांडू नका. सांध्यात सरळ खाच पाडून ठेवा किंवा तिथे सीलंट भरा, म्हणजे वेडीवाकडी भेग न दिसता एक नीट रेघ दिसेल. आणि गच्चीवर उन्हाला परतवणारा पांढरा रंग किंवा चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर, करून घ्या. फट कमी होईल आणि खोलीही थंड राहील.

राहिले चार लाखवाले. त्यांना एकच विचारा, पायाजवळ खड्डा घेऊन पाया बघितला का? जोत्यालगत खड्डा खणला की पाया किती खोल टेकलाय, मुरुमावर आहे की काळ्या मातीतच तरंगतोय, ते अर्ध्या दिवसात दिसतं. अंडरपिनिंग, म्हणजे जुन्या पायाखाली टप्प्याटप्प्याने नवा खोल पाया घालणं, हे खरं आणि उपयोगी काम आहे, मी केलंय. पण ते वर्षाची मोजणी आणि तो खड्डा बघूनच. आणि करायचंच असेल तर इंजिनिअरच्या नकाशावर, एका वेळी तीन-चार फुटांचा तुकडा, शेजारचे तुकडे नंतर. अख्खी भिंत एकदम उघडी करणाऱ्याला अंगणातही येऊ देऊ नका. तुमच्या ओळखीत कोणी शेजारच्या प्लॉटवर नवीन बांधायचं ठरवलं असेल, तर त्याला मात्र आत्ताच सांगा. माती खोल काळी असेल तर अंडर-रीम्ड पाइल बघ. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी ती पद्धत विकसित केली. खाली फुगीर टोक असलेले पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटरहून खोल, ऋतूचा ओलावा पोचत नाही तिथवर नेतात. बांधताना होणारा खर्च नंतर पाया उकरण्याच्या मानाने काहीच नाही.

ही दिवाळी तोंडावर आली आहे, घरात रंगाचं चाललं असेल. बाकीचं घर रंगवून घ्या, हॉलची ती एक भिंत सोडा. पाहुण्यांसमोर फारच वाटत असेल तर तिथे मोठं कॅलेंडर लावा, फक्त खिळा भेगेपासून हातभर लांब ठोका आणि मोजणीचे स्क्रू कोणी उपटणार नाही एवढं बघा.